मातीखालचं रान

माझं पातं आता पोराच्या तळहाताएवढं उरलं आहे. नवखा माणूस मला पाहून म्हणेल, हे कसलं खुरपं? पण मित्रांनो, मी खुरपं नाही. मी एक म्हातारं फावडं आहे. मरागोलीच्या या डोंगरावर एका घराच्या चार पिढ्यांना मी खायला घातलं आहे. त्याच घरातली माणसं मी मातीतही घातली आहेत. दोन्ही कामांना घरात फावडं एकच होतं.

माझा जन्म मुदोगो लोहाराच्या भट्टीत झाला. तेव्हा देशावर गोऱ्या साहेबाचं राज्य होतं. घाटात एक मालमोटार उलटली होती. तिचा कमानपाटा मुदोगोने खांद्यावर टाकून घरी आणला, आणि तापवून, ठोकून, पुन्हा तापवून त्यातून मला घडवलं. लालबुंद असताना त्याने मला पाण्यात घातलं तेव्हा मी जो ओरडलो, तो माझा पहिला आवाज. किसिया नावाच्या तरण्याबांड शेतकऱ्याने एक कोंबडी आणि टोपलीभर नाचणी देऊन मला घरी नेलं.

किसियाचं रान केवढं होतं म्हणून सांगू! वर हत्तीच्या पाठीसारखा काळा खडक आणि खाली ओढा. मधलं सगळं त्याचं. खडकापाशी खणायला सुरुवात केली तर ओढ्याचं पाणी दिसेपर्यंत हंगाम उलटायचा. माती काळी, जड आणि ओलसर. मी आत शिरलो की ती सुस्कारा सोडायची. कुठे केळी, कुठे नाचणी, कुठे मका, आणि कुठे नुसतं गवत. हो, नुसतं गवत! आज कोणाला खरं वाटणार नाही, पण तेव्हा जमीन पडीक ठेवण्याची चैन परवडत होती. बायको कधी म्हणाली की त्या तुकड्यातही काहीतरी पेरा, तर किसिया म्हणायचा, "तिलाही झोप हवी. झोपमोड झालेली बाई चुलीवर पाणीसुद्धा ठेवत नाही."

शेजारी माझं कौतुक करायचे. "किसियाचं फावडं म्हणजे लोण्यात सुरी," असं म्हणायचे. काम संपलं की किसिया मला गवताने पुसायचा, पात्याला तेलाचं बोट लावायचा आणि वळचणीला खोचून ठेवायचा. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग किसिया म्हातारा झाला आणि एका पावसाळ्यात गेला. आमच्याकडे माणसाला त्याच्याच अंगणात पुरतात. पुरुष दाराच्या उजवीकडे, बाई डावीकडे. ही रीत कधीची, ते कोणालाच ठाऊक नाही. किसियाची कबर मीच खणली. त्याआधी मी कधी इतक्या खोल उतरलो नव्हतो. तिथली माती थंडगार होती आणि अगदी शांत होती. तेव्हा तरी शांत होती.

किसियाला पाच मुलगे. रानाचे पाच भाग झाले. रीतीप्रमाणे धाकट्याला, म्हणजे अदागलाला, बापाचं घर, बापाची कबर आणि मी, असं सगळं मिळालं. मोठ्या भावांना पोरं झाली, त्या पोरांना पोरं झाली. एका घराची पाच घरं झाली. पूर्वी शेजारी शिंकला तर ऐकू यायचं नाही. आता त्याच्या चुलीचा धूर आमच्या डोळ्यांत यायला लागला. अदागलाने मला डोक्यावर उचललं की माझा दांडा चुलतभावाच्या केळीला लागायचा, आणि पलीकडून हाक यायची, "अरे, माझी केळ झोडतोस की तुझं रान खणतोस?" सगळे हसायचे. भांडणाइतकी टंचाई अजून आली नव्हती.

पडीक तुकडा मात्र राहिला नाही. जमिनीची झोप संपली. वर्षाला आमच्याकडे दोन पावसाळे, त्या दोन्हींत मका, मधल्या काळात घेवडा, आणि बांधावर गाईसाठी गवत. माती माझ्याशी पूर्वीसारखी बोलेना. सुस्कारा गेला. ती नुसती कोरडी खरखर करायची, आणि मी झिजायचो.

मी पहिल्यांदा तो आवाज ऐकला तो एका सकाळी. धुकं होतं. अदागला बापाच्या कबरीलगत घेवड्यासाठी खणत होता. मी मातीत उतरलो, आणि एक श्वास घ्यावा इतक्या वेळाने खालून ठोका आला. खडकाला लागलो असेन, असं मला वाटलं. पण मित्रांनो, खडक लगेच उत्तर देतो. त्याला विचार करावा लागत नाही. हा ठोका मागून आला होता, आणि दमलेल्या माणसाने मारावा तसा होता. अदागलाने पुन्हा मारलं. पुन्हा ठोका. मग तो थांबला. मीही थांबलो. खालचं काम चालूच राहिलं.

अदागला मला तसाच मातीत रोवून घराकडे गेला. त्याची बायको कगेहा दारात घेवडा सोलत बसली होती.

"कगेहा, कोणीतरी माझ्यामागोमाग खणतंय."

"कुठे?"

"खाली."

कगेहाने शेंगेवरची नजर काढली नाही. "सासरे असतील," ती म्हणाली. "जिवंतपणी दुपारनंतर कधी फावड्याला हात लावला नाही त्यांनी. आता वेळच वेळ आहे, करू दे की."

दोघंही हसली. पण त्या दिवसानंतर कगेहा कबरीकडे पाठ करून बसलेली मला कधी दिसली नाही.

वर्षं गेली. अदागलाही उजवीकडे, बापाच्या शेजारी गेला. ती कबरही मीच खणली. आता घरात दोन मुलगे होते. थोरला लुमिती रान बघायचा, आणि धाकटा दूर असल्याने बापाच्या घरातही तोच राहायचा. धाकटा एगाद्वा नैरोबीला कापडाच्या गिरणीत होता. नाताळात यायचा, पोरांना गोळ्या वाटायचा आणि परत जायचा. लुमितीची बायको खावेरे मोठी कष्टाळू, पण तोंडाने तिखट. तिला सहा पोरं. ताटात उगालीचा, म्हणजे शिजवलेल्या मक्याच्या पिठाचा, उंडा ठेवला की एवढे हात एकदम पडायचे, की खावेरे म्हणायची, "हळू रे, आईचं बोट ओढून खाल!"

त्या तोंडांसाठी लुमिती दर हंगामात आजोबा-बापाच्या कबरींकडे एक ओळ पुढे सरकायचा. आधी कबरीभोवतीचं गवत गेलं. मग कडेची फुलझाडं गेली. मी जसजसा त्या जागेजवळ जायचो तसतसे खालचे ठोके वाढायचे. आता ते एका फावड्याचे नव्हते. किसियाच्या आधीची माणसंही याच डोंगरात होती. त्यांच्या कबरी केव्हाच सपाट झाल्या होत्या आणि त्यांच्यावर मका उभा होता. आणि मी काय म्हणून वेगळा? माझं इतकं लोखंड झिजलं, ते कुठे गेलं असेल? ते खालीच गेलं ना! कोण जाणे, तिथे कोणी ते कण वेचून आपलं अवजार करत असेल.

लुमितीला ठोके ऐकू यायचे की नाही, मला माहीत नाही. तो कबरीजवळ खणताना मोठमोठ्याने भजनं म्हणायचा.

एके दिवशी दुपारी एगाद्वा आला. नाताळ नव्हता. सोबत बायको, पोरं, गुंडाळलेली गादी आणि पत्र्याची पेटी होती. लुमिती मला खांद्यावर घेऊन अंगणात उभा होता.

"गिरणी बंद पडली, दादा," एगाद्वा म्हणाला.

"किती दिवस आहेस?"

"दिवस नाहीत, दादा. आलोय."

लुमितीने मला खांद्यावरून खाली टेकवलं. खावेरेने जास्तीचं पाणी चुलीवर ठेवलं आणि पुटपुटली, "शहराची माणसं आलीत. आता उगाली काट्याने खायची की चमच्याने, तेवढं सांगा."

एक हंगाम कसाबसा एकत्र गेला. मग एगाद्वाने आपला वाटा मागितला. त्याचं चूक नव्हतं. गावचा पंच चोगो म्हातारा दोरी घेऊन आला. चोगोने या डोंगरावरच्या कित्येक वाटण्या केल्या होत्या. त्याने दोरी ओढली, आणि दोरी संपायच्या आत रान संपलं. तो कितीतरी वेळ त्या उरलेल्या दोरीकडे बघत राहिला. शेवटी ठरलं ते असं: कबरींच्या अलीकडची पट्टी लुमितीची, पलीकडची एगाद्वाची, मधली कबरींची जागा कोणाचीच नाही. कबरींच्या दोन्ही बाजूंना, आणि पुढे दोन पट्ट्यांच्या मधेही, सीमेची झाडं लावली. लांब पानांचं हे झाड कापलं तरी पुन्हा फुटतं, आणि जो ते उपटतो त्याचं घर बसतं, असं आमच्याकडे लहान पोरंसुद्धा जाणतात.

"आणि मी घर कुठे बांधू?" एगाद्वाने विचारलं.

उत्तर सगळ्यांना दिसत होतं. आईच्या घराच्या डावीकडे एक मोकळी जागा होती. तिथे कगेहा पालेभाजी लावायची. सगळ्या रानात एवढाच तुकडा उरला होता, आणि तो का उरला होता हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

"ती आईची जागा आहे," लुमिती म्हणाला.

"आई जिवंत आहे, दादा. माझी पोरं पडवीत भिजतायत."

"म्हणून आईला कुठे पुरू? शेजाऱ्याच्या केळीत?"

"मी असं कुठे म्हटलं?"

"मग काय म्हटलंस? आज तू तिथे घर घालशील, उद्या ती गेली की खाट उचलून खाली खणशील?"

कगेहा दारात उभी होती. तिच्या हातात भाजीची जुडी होती. आपल्या कबरीच्या जागेवरून आपलीच पोरं भांडताना ऐकणं काय असतं, ते ती आणि तो दरवाजाच जाणे. ती आत गेली आणि तिने भाजी चिरायला घेतली. आवाजावरून मला कळत होतं की ती फार बारीक चिरते आहे.

त्यानंतर झाडं सरकू लागली.

एका सकाळी लुमिती रानात आला तर त्याच्या बाजूचं सीमेचं झाड वीतभर आत आलेलं. मक्याची दोन ताटं पलीकडे गेलेली. त्याने रान डोक्यावर घेतलं. "शहरात हेच शिकून आलास का रे? भावाची जमीन चोरायला?" एगाद्वा धावत आला, आपली बाजू दाखवून ओरडला, "आधी स्वतः केलंस आणि वर चोराच्या उलट्या बोंबा! माझं झाड बघ कुठे आलंय!" दोघांनी आपापली झाडं उपटून परत जागेवर लावली. आठवडा झाला नाही तोच ती पुन्हा सरकली. मग पुन्हा. बायकांनी एकमेकींशी बोलणं टाकलं. पोरांना पलीकडच्या पोरांबरोबर खेळायला बंदी झाली. खावेरे शेणाचं टोपलं घेऊन जाताना मुद्दाम म्हणायची, "सांभाळून चाला ग बाई, इथे जमिनीला पाय फुटलेत."

मित्रांनो, मी वळचणीला होतो. त्या घरात माती खणायला मीच होतो, आणि मला कोणी काढलं नव्हतं. झाडांच्या बुंध्याशी फावड्याची खूणही नव्हती. माती आतून वर आल्यासारखी भुसभुशीत होती, उकळत्या पेजेवर बुडबुडा यावा तशी.

शेवटी चोगो म्हाताऱ्याला पुन्हा बोलावलं. त्याने दोन्ही भावांना गप्प बसवलं आणि काठी टेकत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला. मग तो कबरींच्या मधोमध उभा राहिला.

"लुमिती, तुझी जमीन कमी झाली?"

"झाली."

"एगाद्वा, तुझी?"

"माझीही."

"दोघांचीही कमी झाली," चोगो म्हणाला. "मग वाढली कोणाची?"

सगळ्यांनी खाली पाहिलं. कबरींची जागा, जी आधी दोन माणसांपुरती होती, ती आता चांगली ऐसपैस दिसत होती. चोगो हळूच बाजूला झाला, जणू कोणाच्या अंथरुणावर चुकून उभा राहिला होता. त्याने दोरी काखेत मारली. "ही वाटणी माझ्या हातची नाही," एवढं म्हणून तो निघून गेला. जाताना त्याने पालेभाजीच्या वाफ्यालाही वळसा घातला.

माणूस घाबरला की शहाणा होतो, असं म्हणतात. तसं नेहमी होत नाही. लुमिती घाबरला आणि त्याला राग आला. दुसऱ्या दिवशी दुपारी, पाऊस यायच्या बेतात असताना, एगाद्वा बापाच्या कबरीजवळ एकटाच उभा असलेला त्याला दिसला. एगाद्वा वाकून जमिनीला कान लावत होता. लुमितीला वाटलं, हा झाड उपटतोय. त्याने मला वळचणीतून ओढून काढलं.

मला त्याच्या मुठीचा राग कळला. दांड्याला हात ओळखू येतो. आजवर मला ज्या ज्या हाताने उचललं त्याच्या मनात माती होती. या हाताच्या मनात माती नव्हती.

"चोरा!" लुमिती ओरडला आणि मला डोक्यावर नेलं. एगाद्वा वळला. त्याने हातही वर केला नाही. तो फक्त म्हणाला, "दादा, बाबा खणतायत."

मी खाली आलो. लुमितीचा हात ऐनवेळी वळला की खालच्या कोणी मला ओढून घेतलं, ते मी शपथेवर सांगू शकणार नाही. मी एगाद्वाच्या पायाशेजारी अदागलाच्या कबरीत शिरलो, थेट दांड्यापर्यंत. लुमितीने मला ओढलं. मी हललो नाही. त्याने पाय रोवून ओढलं. मी हललो नाही. माझ्या पात्याला दोन्ही बाजूंनी धरलं होतं. ती मुळांची पकड नव्हती आणि दगडाची कपारही नव्हती. ती पकड ऊबदार होती. ती मला ओळखीची वाटली.

"सुटत नाही रे," लुमिती म्हणाला. त्याचा आवाज पोरासारखा झाला होता.

एगाद्वाने भावाच्या हाताशेजारी आपला हात दांड्यावर ठेवला. दोघांनी मिळून ओढलं आणि मी अलगद सुटलो, कोणी हात सोडावा तसा. माझ्या पात्याबरोबर मातीचा एक गोळा वर आला. काळी, जड, ओलसर माती. तशी माती मी किसियाच्या तरुणपणानंतर पाहिली नव्हती. वरचं रान धुळीसारखं झालं होतं, आणि खाली कोणीतरी आपलं रान मशागत करून ठेवलं होतं.

आरडाओरडा ऐकून कगेहा आली. तिने दोन्ही मुलांचे चेहरे पाहिले, मला पाहिलं, आणि काय होणार होतं ते तिला न सांगता कळलं. ती खाली बसली. मातीचा तो गोळा तिने हातात घेतला, हुंगला आणि मग कबरीकडे बघून म्हणाली, "वर पोरं वाढली. खाली म्हातारे वाढले. जमीन होती तेवढीच. त्यांनी तरी काय करावं?"

"आई, घरात चल," लुमिती म्हणाला.

"गप्प बस. फावडं भावावर उचलतोस आणि मला घरात पाठवतोस?" ती उठली. "दोघंही ऐका. ती झाडं आज काढायची. कबरींच्या कडेची राहू देत, तुमच्या मधली नकोत. एकत्र पेरा, एकत्र कापा. एका चुलीवर शिजवा नाहीतर दोन चुलींवर, पण टोपली एकच भरायची. आणि एगाद्वा, तू डावीकडे घर बांध."

"आई, ती तुझी जागा..."

"मला वेगळी जागा नको. मी मेले की यांच्याच खड्ड्यात मला घाला."

लुमितीने कानांवर हात ठेवले. "असं कोणी करतं का? लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं, या बाईने उभ्या जन्मात एकाच खाटेवर निम्मी जागा घेतली, आता मरून काय पसरायचंय तिला!"

ही बातमी ऐकून चोगो म्हातारा समजूत घालायला आला. पुरुष उजवीकडे, बाई डावीकडे. खालचे रागावले तर घराण्याचं वाटोळं होईल. कगेहाने त्याला चहा दिला. "चोगोबाबा," ती म्हणाली, "ही रीत जमीन मुबलक होती तेव्हाची. आणि खालचे माझेच आहेत. त्यांच्या रागाचं मी बघून घेते."

एगाद्वाचं घर झालं. मातीचं आणि पत्र्याचं, लहानसंच. कगेहा रोज सकाळी त्याच्या पडवीत उन्हाला बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायची, "या, माझ्या कबरीवर चहा प्या!" काही जण हसायचे. काही जण त्यानंतर त्या वाटेने आलेच नाहीत.

रान एक झालं, तरी दोन घरांना पुरेल एवढं ते नव्हतं. हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. एगाद्वा वरच्या खडकाकडे जाऊ लागला. तिथे माझ्यापेक्षा जड घण घेऊन माणसं खडक फोडतात आणि खडी विकतात. रान हातातून गेलेले कितीतरी जण तिथे भेटतात. संध्याकाळी तो पांढरा होऊन घरी यायचा. खावेरे त्याच्या पोरांना आपल्या पोरांत बसवून जेवू घालायची आणि म्हणायची, "खडीवाल्याच्या पोरांनो, उगाली मऊ आहे, घाबरू नका." सीमेची झाडं मात्र त्यानंतर जागची हलली नाहीत.

कगेहा गेली ती घेवडा फुलावर असताना, सकाळी, त्याच पडवीत बसल्या बसल्या. मुलांनी तिचा शब्द पाळला. गावातली बरीच माणसं आली, पण कुंपणाच्या आत मोजकीच. चोगो म्हातारा आला आणि कबरीकडे पाठ करून बसला. भुरभुर पाऊस होता. अदागलाची कबर उघडायला पुन्हा मीच. लुमिती खणायचा, मग एगाद्वा खणायचा. माझा एकेक घाव मी जपून मारत होतो, कारण खाली माझा धनी होता.

आणि मित्रांनो, मी खणत गेलो तसतसे मला ठोके ऐकू यायला हवे होते. एकही आला नाही. रानात काम करणारी माणसं पाहुणे यायची वेळ झाली की हातपाय धुऊन वाट बघत बसतात, तशी ती शांतता होती.

शेवटच्या थरात माती इतकी मऊ झाली की एगाद्वाने मला बाजूला ठेवलं आणि तो हातांनी उकरू लागला. अदागलाला आम्ही खड्ड्याच्या मधोमध ठेवलं होतं. मी खणलेला खड्डा होता तो, मला चांगलं आठवतं. आता त्याची हाडं भिंतीला लागून होती, कुशीवर, पाठ भिंतीला टेकवून. उरलेली सगळी जागा मोकळी होती. तिथल्या मातीला बारीक सऱ्या पाडलेल्या होत्या, पेरणीआधी पाडतात तशा.

लुमिती वरून बघत होता. त्याच्या हनुवटीवरून पावसाचं पाणी ठिबकत होतं.

"दादा," एगाद्वा खड्ड्यातून म्हणाला, "जागा केलीय त्यांनी."

"कोणाला सांगू नकोस," लुमिती म्हणाला. "दे, आईला खाली दे."

त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मी आज तुम्हाला सांगतो आहे.

त्यालाही आता बराच काळ झाला. लुमितीचे केस पांढरे झाले. माझा मान आता राहिलेला नाही. दुकानातून नवी, रुंद पात्यांची, निळा रंग दिलेली फावडी आली आहेत. ती मजबूत आहेत, पण फार बडबडी. त्यांना खालचं काही ऐकू येत नाही. मी बहुतेक वेळ वळचणीलाच असतो. गंज चढतो आहे. कोळ्यांनी दांड्यावर घर केलं आहे, आणि त्यांनाही जागा लागतेच.

गेल्या हंगामात लुमितीच्या थोरल्या मुलाचं, अमुगुनेचं, लग्न ठरलं. तो बापासमोर उभा राहिला आणि त्याने ते विचारलं, जे या डोंगरावर प्रत्येक मुलगा कधी ना कधी विचारतो.

"बाबा, माझा तुकडा कुठला?"

लुमितीने भावाला हाक मारली. एगाद्वा खडीच्या कामावरून येत होता, भुवयांपर्यंत पांढरा. तिघं रानात गेले. जाताना लुमितीने नवी फावडी सोडून मला काढलं.

"तुकडा नाही रे," लुमिती म्हणाला. "पाळी आहे. आधी आजोबांची होती, मग आमची झाली. आता तुझी, तुझ्या भावांची आणि काकाच्या पोरांची."

"पाळीवर घर बांधता येतं का?" अमुगुने चिडून म्हणाला. "बायकोला काय सांगू? आपल्याला पाळी मिळाली म्हणून?"

अमुगुनेने रागाने मला बापाच्या हातून हिसकावलं आणि कबरींच्या कडेला जोरात मातीत हाणलं. मग तो थांबला. त्याने मान तिरपी केली.

"काका, खाली कोण आहे?"

"ज्यांची पाळी झाली, ते," एगाद्वा म्हणाला.

मग अमुगुनेने मला सावकाश उचललं आणि दुसरा घाव पहिल्यापेक्षा पुष्कळ हलका मारला. तो शहरात गेला नाही. गेला असता तरी मी त्याला बोल लावला नसता.

मित्रांनो, तुमच्यावरही कधी रान वाटून घ्यायची वेळ येईल. तेव्हा दोरी आणण्याआधी सगळ्या भावंडांनी मिळून तिथे एकदा खणून पाहा. खणून थांबा आणि कान द्या. वर उभे असलेले तेवढेच त्या जमिनीचे वाटेकरी नसतात; खालचे असतात, आणि जे अजून जन्मलेच नाहीत तेही असतात. तिला अधूनमधून झोपू द्या. आणि हो, संध्याकाळी काम झालं की फावड्याची माती पुसल्याशिवाय ते घरात नेऊ नका. ती कोणाची माती आहे, सांगता येत नाही.